तलवार काढू की बोलून बघू?

दोनेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, टेबलावर चौकटीचा कागद, पेन्सिली, फासे आणि मधोमध खाऱ्या शेंगदाण्यांचा वाडगा. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव रंगात आला होता.

"ही बाई रविवारी नक्की करते काय" हा प्रश्न नात्यातल्या ज्या मंडळींना कायमचा पडलेला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. या खेळात प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण (आमच्याकडे मी) खेळ चालवतो, म्हणजे जग त्याचं. त्यातली गावं, राक्षस, सावकार, राजे सगळे त्याचे. मी सांगते, "समोर दार आहे." तुम्ही सांगता, "मी दाराला कान लावतो." पुढे काय होईल ते जिथे नक्की नसतं, तिथे फासे टाकायचे. बस, एवढंच. आणि शेवटी जिंकत कोणीच नाही.

तर त्या दिवशी चौघंजण एका पुलापाशी पोचले. पुलावर सहा दरोडेखोर, जकात मागत उभे. माझ्या भाच्याचं पात्र म्हणजे गावोगाव फिरणारा शाहीर. करिश्मा १७, म्हणजे कागदावर तरी बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. प्रत्यक्षात भाचा चौदा वर्षांचा, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारा. बाकीचे म्हणाले, "तू बोल, तुझंच काम आहे." मीही उत्साहाने म्हटलं, "हं, काय म्हणतोस त्यांना? बोल, मी दरोडेखोरांचा सरदार."

तो गप्प. सगळे त्याच्याकडे बघतायत. कान लाल झाले. मग कागदाकडे बघतच म्हणाला, "मावशी, मी तलवार काढतो."

पाऊण तास मारामारी चालली. दोन पात्रं मेली, त्यातलं एक त्याचं. रात्री ताईचा फोन, "काय झालं गं तुमच्याकडे? जेवला नाही नीट."

चूक माझीच होती, आणि ती कळायला मला दोन दिवस लागले. तलवारीचा वार कसा करतोस ते उठून करून दाखव, असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. आमच्यातल्या एका मित्राला जिना चढताना धाप लागते आणि त्याचं पात्र भिंती चढतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तिथे फासे आहेत. मग बोलायची वेळ आली की मात्र "बोलून दाखव" का?

याचं उत्तर शोधायला मी नेहमीप्रमाणे जुन्या गोष्टी उकरायला घेतल्या. (ताईच्या भाषेत, "हिला काही झालं की ही वाचत बसते.") आणि गंमत म्हणजे हे भांडण या खेळाच्याही आधीचं निघालं.

सुरुवात प्रशियात होते. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या सरदाराने तिथल्या राजाला युद्धाचा एक खेळ सादर केला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, तो सुधारून १८२४ साली नियमांसकट छापला. नाव क्रीगश्पील, म्हणजे शब्दशः युद्धखेळ. नकाशावर छोटे ठोकळे म्हणजे पलटणी, दोन बाजू, आणि मध्ये एक पंच. खेळणारे लेखी हुकूम पंचाकडे द्यायचे, पंच कोष्टकं बघून, फासे टाकून किती माणसं पडली ते ठरवायचा. प्रशियाच्या सैन्यात हा खेळ चांगला रुजला. पण कोष्टकं फार, वेळ फार. मग १८७६ साली व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा नावाच्या अधिकाऱ्याने मांडलं की कोष्टकं सोडा. पंच अनुभवी असेल तर तो स्वतःच्या अकलेने निकाल देईल, तेवढं पुरे.

म्हणजे बघा, नियम हवेत की पंचाचं डोकं हवं, हा वाद त्यांनी लढाईवरून घातला. आपल्याकडे, म्हणजे आजच्या खेळात, तो निम्मा-निम्मा वाटून टाकलेला आहे. लढाईला कोष्टकं आणि बोलण्याला पंचाचं डोकं. हे असं का झालं?

त्यासाठी अमेरिकेत यायला हवं, मिनेसोटात. साठच्या दशकात तिथे हौशी लोक शिशाचे छोटे सैनिक टेबलावर मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाला ग्रंथालयात एक जुनं पुस्तक मिळालं होतं. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं, १८८० सालचं 'स्ट्रॅटेगॉस'. त्यातून त्याने पंचाची कल्पना उचलली. खेळणाऱ्याने काहीही करून बघावं, नियमात नसेल तर पंच ठरवेल.

१९६९ साली वेस्लीने एक प्रयोग केला. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, काळ नेपोलियनचा, लढाई तोंडावर आलेली. पण सगळ्यांना सैन्य देण्याऐवजी त्याने काहीजणांना गावातली माणसं दिली. एक महापौर, एक बँकवाला, एक विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचे आपापले हेतू. त्याची कल्पना अशी असावी की जरा वेळ हे होईल आणि मग नीट लढाई खेळू. झालं भलतंच. लोक सरळ एकमेकांशी बोलायला लागले. बाजूला जाऊन कुजबुज, कारस्थानं. दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, आणि द्वंद्वाचे नियम तर नव्हतेच, ते वेस्लीला उभ्याउभ्या बनवावे लागले. सगळा गोंधळ. वेस्लीला वाटलं, आपला प्रयोग फसला. खेळायला आलेले म्हणाले, पुन्हा कधी?

मला हा प्रसंग फार आवडतो. ज्या खेळांना आज आपण भूमिकांचे खेळ म्हणतो त्यांचं मूळ हे. आणि तिथे नियम लागले ते लढण्यासाठी. बोलण्यासाठी कोणालाच लागले नाहीत, कारण बोलणं होतच होतं.

पुढचा एक ब्राउनश्टाइन दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक हुकूमशाहीत मांडला होता. त्यात डेव्ह आर्नेसन नावाच्या खेळाडूला क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका मिळाली. पत्रकं छापून वाटली की गुण, असं त्याचं काम. या पठ्ठ्याने इतरांना पटवून दिलं की आपण खरे सीआयएचे हस्तक आहोत, त्यासाठी खोटं ओळखपत्रही घेऊन आला होता म्हणे. शेवटी देशाचा खजिना घेऊन हेलिकॉप्टरमधून निसटला आणि जाताना शहरावर पत्रकं सोडत गेला, असं सांगतात. एकही गोळी न झाडता सगळ्यात जास्त गुण!

याच आर्नेसनने १९७१ साली मित्रांना 'मध्ययुगीन ब्राउनश्टाइन' खेळायला बोलावलं. त्यातून 'ब्लॅकमूर' तयार झालं. गाव, किल्ला आणि किल्ल्याखालची भुयारं. १९७२च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा इथे राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सला त्याने तो खेळून दाखवला. गायगॅक्सचे, जेफ पेरेनबरोबर केलेले, मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' हे नियम १९७१ सालीच निघाले होते. दोघांचं मिळून १९७४च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. एक खोकं, तीन पुस्तिका, हजार प्रती. मुखपृष्ठावर त्याला भूमिकांचा खेळ म्हटलेलंच नाही, 'युद्धखेळांचे नियम' म्हटलं आहे. आणि घरात चेनमेल असेल असं धरून चाललं आहे.

म्हणजे लढाईची कोष्टकं माहेरहून आलेली. पिढ्यान् पिढ्या घासून तयार झालेली. बोलणं ब्राउनश्टाइनहून आलं, पण ते कागदावर नव्हतंच, माणसांमध्ये होतं. छापखान्यात फक्त कागद जातो. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. ज्यांनी खोकं दुकानातून घेतलं आणि मिनेसोटातल्या त्या खोल्यांमध्ये कधी बसले नाहीत, त्यांनी पानं मोजली आणि म्हटलं, हा मारामारीचा खेळ दिसतोय.

पण इथेच मला थांबायला लावणारी गोष्ट सापडली. जुने नियम नीट वाचले, विशेषतः १९८१ सालचं टॉम मोल्डव्हेचं पातळसं पुस्तक, तर ते मारामारीला उत्तेजन देत नाहीत. उलट हिशोबच असा आहे की शहाण्याने मारामारी टाळावी.

हिशोब बघा. योद्ध्याला पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला अनुभवाचे २००० गुण लागतात. १९७४ साली राक्षस मारण्याचे गुण भरपूर होते, पातळीमागे शंभर. हे अति होतंय असं म्हणून १९७५च्या पुरवणीत गायगॅक्सनेच ते कापले. साध्या ऑर्कला उरले दहा. म्हणजे एकट्याने दोनशे ऑर्क मारायचे, तेही चौघांत वाटून घ्यायचे नसतील तर. दुसरीकडे भुयारातून बाहेर आणलेल्या दर सोन्याच्या नाण्याला एक गुण. ऑर्क झोपलेले असताना पेटी पळवा, त्यांना दुसऱ्या टोळीशी झुंजवा, लाच द्या, तह करा, गुण तेवढेच. आणि मोल्डव्हेच्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या एका फाशाएवढा. एका फटक्यात आटोपतो. दहा गुणांसाठी कोण गळा पुढे करेल?

त्यात आणखी एक साधं कोष्टक होतं, ज्याकडे मी इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. राक्षस समोर आला की दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर लगेच हल्ला. ३ ते ५, वैरभाव, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८, गोंधळलेला, काय करावं कळत नाही. ९ ते ११, हल्ला नाही, निघून जाईल किंवा तुमचं म्हणणं ऐकेल. १२, एकदम दोस्ती. आता दोन फाशांच्या छत्तीस शक्यता मांडा. लगेच हल्ला एकीत. वैर नवांत. गोंधळ सोळांत. ऐकून घेण्याची तयारी नवांत, आणि दोस्ती एकीत. म्हणजे छत्तीसपैकी सव्वीस वेळा समोरचा निदान ऐकण्याच्या तरी स्थितीत आहे! करिश्मा चांगला असेल तर बोलणाऱ्याच्या बाजूने आणखी भर.

शिवाय लढाई जुंपलीच तर हिंमतीची चाचणी. बाजूचे पडायला लागले की राक्षस पळ काढतात किंवा शरण येतात. ही कल्पना थेट युद्धखेळातली. खरी सैन्यं शेवटच्या माणसापर्यंत लढत नाहीत, हे शिशाचे सैनिक मांडणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. शरण आलेल्या ऑर्कचं काय करायचं, हा प्रश्न आला की बोलणं आलंच.

(करिश्मा म्हणजे दिखाऊ आकडा, असं समजणाऱ्यांसाठी: १९७४च्या पुस्तिकेत त्याचा एक उपयोग असा दिला आहे की चेटकिणीने पकडलं तर ती तुमचं डुक्कर करेल की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हे त्यावरून ठरवता येईल. ह. घ्या.)

मग हे बिघडलं कुठे? १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. कारण समजण्यासारखं आहे. लोकांना शूर, उदात्त नायक खेळायचे होते आणि सोनं लुटणं त्यात बसेना. पण सोनं गेलं आणि राक्षस राहिले. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत राक्षसाच्या ताकदीप्रमाणे गुणांचं व्यवस्थित कोष्टक आलं. संकटावर मात करणं म्हणजे मारणंच असं नाही, हे पुस्तकात म्हटलेलं आहे, नाही असं नाही. पण वहीतला रकाना राक्षसांचा. आणि लोक वहीप्रमाणे वागतात, हे आपल्याला परीक्षांपासून ठाऊक आहे.

बोलण्याला नियमच नाहीत ही तक्रार मात्र त्याच आवृत्तीने मनावर घेतली, आणि त्याचं पुढे हसं झालं. २००३च्या सुधारित पुस्तकात वाटाघाटीचं कोष्टक आहे. फासा आणि कौशल्य मिळून ५० झाले तर कट्टर वैऱ्याचा मदतनीस होतो. आकडे गोळा करण्यात पटाईत मंडळींनी असे वाचाळवीर बनवले की तोंड उघडलं की राजा खिशात. काय बोललास, कोणाला बोललास, त्याला काय हवं होतं, काही विचारायचं काम नाही. लाजऱ्या मुलाची सोय झाली हे खरं, पण बोलण्यातलं बोलणंच गेलं.

दुसऱ्या वाटाही निघाल्या. १९८१ साली सँडी पीटरसनने 'कॉल ऑफ कथुल्हू' केला. त्यात समोर जे येतं त्याच्यावर बंदूक चालवून फार उपयोग होत नाही, त्यामुळे माणसं आपोआप लोकांना विचारत, कागदपत्रं धुंडाळत फिरतात. मला हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बोला असं सांगायचं नाही, फक्त लढणं परवडू द्यायचं नाही. १९९१चा 'व्हॅम्पायर' दरबारी कारस्थानांचा खेळ म्हणून आला. सामाजिक गुणांचे वेगळे तीन आकडे, सगळं होतं. तरी कित्येक टेबलांवर त्याचे लांब कोट घालून तलवारी फिरवणारे सुपरहिरो झाले. कारण सोपं आहे. दिलेल्या शक्तींपैकी बऱ्याच मारामारीच्या होत्या. हातात हातोडा दिला की खिळे ठोकले जाणार.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने शोध, संवाद आणि लढाई असे खेळाचे तीन खांब सांगितले. सांगितले खरे. तिन्ही सारख्या जाडीचे आहेत असं मात्र कोणी पुस्तक चाळून म्हणणार नाही.

आणि हेही सांगते, लढाई म्हणजे कमअस्सल आणि संवाद म्हणजे उच्च अभिरुची, असं मला अजिबात वाटत नाही. आमच्यातला एकजण आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून थकलेला असतो. त्याला रविवारी कुऱ्हाड हवी असते आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. शिवाय लढाईत एक न्याय आहे. प्रत्येकाची पाळी येते. मोठ्याने बोलणाऱ्याचीही एक, गप्प बसणाऱ्याचीही एक. संवादात पाळ्या नसतात, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचा दरबार. माझ्या टेबलावर इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि मी त्याला "किती छान भूमिका करतात सगळे" म्हणत होते. सगळे म्हणजे तिघं.

तर मी तीन गोष्टी केल्या. सोन्याचे गुण परत आणले. समोर कोणीही आलं की आधी दोन फासे टाकायचे, १९८१च्या कोष्टकाप्रमाणे, म्हणजे समोरच्याची मनःस्थिती आधी कळते आणि कोऱ्या भिंतीशी बोलावं लागत नाही. आणि तिसरं, मी "काय म्हणतोस" विचारणं बंद केलं. आता विचारते, "तुला त्यांच्याकडून काय हवंय? त्यांना काय देऊ करतोस?" ज्याला नाटक करायचंय त्याने करावं, ज्याला "मी त्यांना अमुक सांगतो" एवढंच म्हणायचंय त्याने तेवढंच म्हणावं. गुण हेतूला, वक्तृत्वाला नाही. आणि बोलतानाही टेबलाभोवती पाळ्या.

भाचा परत येईल की नाही याची खात्री नव्हती. तिसऱ्या रविवारी आला. नवीन पात्र, पुन्हा शाहीरच. मी काही बोलले नाही.

भुयारात पाच गोब्लिन भेटले. फासे टाकले, सहा. गोंधळलेले. त्याची पाळी आली. मी विचारलं, "काय हवंय?" तो जरा वेळ नकाशाकडे बघत राहिला. म्हणाला, "ते इथे किती दिवस आहेत? म्हणजे... त्यांनी काही खाल्लंय का?"

हे मी ठरवलेलंच नव्हतं. कबूल केलं आणि त्यासाठी फासा टाकला. चार दिवस उपाशी निघाले.

"मी पिशवीतल्या भाकऱ्या काढतो. जमिनीवर ठेवतो आणि दोन पावलं मागे येतो. काही बोलत नाही."

पुन्हा दोन फासे टाकले, अकरा आले. गोब्लिनांनी भाकऱ्या खाल्ल्या आणि मागच्या विहिरीतून जाणारी वाट दाखवली. पेटीत नऊशे नाणी होती. कुऱ्हाडवाला मित्र मात्र जरा फुरंगटला, दुपारभर त्याचं पातं म्यानातच राहिलं. त्याला पुढच्या रविवारी एक ट्रोल कबूल केला आहे.